धोंड्याचं वाण

“जावईबापू, मान जरा खाली करा,” मी म्हटलं आणि वाटीतलं तेल समरजितरावाच्या टाळूवर सोडलं.

परसात पाटावर तो उघडाबंब बसला होता. गळ्यात साखळी, मनगटात कडं, पोटाला सुखाची वळी. धोंड्याचा महिना चालू होता आणि माझा जावई वाण घ्यायला आला होता.

“मामी, तेल चटका देतंय.”

“तेल कोमटच हाय. तुमचं डोकं तापलंय. गाडी हाणत आलाय न्हवं.”

माझी धाकटी जाऊ शालन ओसरीवरनं घुटमळत म्हणाली, “वहिनी, मी घालते की तेल. तुम्ही कशाला...” पुढचं तिनं गिळलं. विधवेनं जावयाच्या डोक्याला हात लावू नये, हे तिला म्हणायचं होतं.

“माझा जावई, माझं तेल,” मी म्हटलं. “तू जाऊन पुरण बघ. मागल्या टायमाला तुझ्या पुरणानं पावण्यांचं दात हललं होतं.”

समरजितराव हसला. हसायला त्याला काही कारण लागायचं नाही. मग अंगठ्यानं पायाखालची माती टोकरत त्यानं विचारलं, “धैर्या कधी येतोय म्हणालात?”

“पंगत बसायच्या आत येतोय. गाडी धाडलीय मिरजेला.”

“बरा आहे ना आता?”

“बरा हाय. तुमच्याबिगर करमत न्हाई म्हणतोय.”

तो परत हसला. मी चोळत राहिले. नारळ सोलायच्या आधी आपण दोन्ही हातांत धरून बघतो, तशी ती कवटी माझ्या हातात होती. तेव्हा माझ्या मनात काय आलं ते लिहिण्यासारखं नाही. मी फक्त तेल अजून थोडं घातलं आणि डोळ्यांत उतरू दिलं.

समरजितराव म्हणजे माझ्या थोरल्या लेकीचा, स्वरूपाचा नवरा. त्याचे माल वाहायचे टेंपो होते. आमचा बेदाणा वाशीच्या मार्केटला त्याच्याच टेंपोतनं जायचा. बोलायला गोड, नमस्काराला वाकायचा तर पार पायापर्यंत. तासगावच्या पुढं आमची शेड आहे. नवरा गेल्यावर ती मीच चालवली. द्राक्षं वाळवायची, बेदाणा निवडायचा, पेट्या भरायच्या. चौथीत नापास झालेली बाई मी, पण व्यापारी माझ्यासमोर बसताना आधी पाय आवरून घ्यायचा.

धैर्यशील माझा धाकटा. लाडानं धैर्या. नाव बापानं ठेवलेलं. झोपेचा राजा होता तो. उन्हाळ्यात शेडीवर राबायची वेळ आली की पेटीवर डोकं टेकून घोरायचा. मी त्याच्यावर पाणी ओतून उठवलंय.

आणि एका सीझनला हेच पोर झोपेनासं झालं. सकाळी बघावं तर निवडायला बसलेलं, संध्याकाळी बघावं तर तिथंच. आमच्याकडं बायका मुठीनं निवडतात. हा एकेक मणी उचलायचा. पिवळा इकडं, हिरवा तिकडं, त्यातही फिका वेगळा, गडद वेगळा. फरशीवर ओळी लावायचा, अगदी दोरी धरल्यासारख्या. जेवायला हाक मारली तर ऐकू जायचं नाही. बायका म्हणायला लागल्या, “आक्का, पोरगं बापावर गेलं. नशीब काढलंत.” माझ्याकडं पहिल्यापासनं कामाला असलेली मंगल म्हणाली, “दृष्ट काढा त्याची.” मी मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. ठसका कसला तो आलाच नाही. म्हटलं, बघा, केवढी नजर लागलीय माझ्या कामसू पोराला.

चांगली नारळ फोडून आले मी देवीपुढं.

मग त्यानं बेदाण्याची प्रतवारी करायचं मशीन खोललं. बिघडलेलं नव्हतं. खोललं, नट न् नट पुसला, चादरीवर मांडला आणि जोडायला काही जमलं नाही. परत सगळं पुसायला घेतलं. अंगावरचं मांस उतरलं. गाल आत गेले. दात खाऊन खाऊन पुढचा एक तुटला, बाकीचे काळे पडायला लागले. हातावर सगळ्या जखमा. कातडीखाली किडे फिरतात म्हणायचा आणि दाभणानं टोकरून काढायला बघायचा. मंगलच्या बांगड्यांमधनं आपलं बोलणं कोणतरी ऐकतंय म्हणून त्यानं तिच्या हातातल्या बांगड्या फोडल्या. शेवटी एका दुपारी मला ओळखलं नाही त्यानं. “आईचं लुगडं नेसून आलीय,” असं ओरडला आणि भरली पेटी माझ्या खांद्यावर घातली. माझा उजवा हात अजून वर जात नाही. वेणी डाव्या हातानं घालते.

मिरजेच्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी लांबलचक नाव सांगितलं. थोडक्यात मेथ म्हणाले. पोरं क्रिस्टल म्हणतात. खडीसाखरेच्या चुऱ्यासारखं दिसतं. ओढलं की झोप नाही, भूक नाही, थकवा नाही, आणि उतरलं की माणूस नाही.

“कुणी दिलं?” मी धैर्याला विचारलं. तो भिंतीकडं तोंड करून पडला होता.

“दाजींनी.”

“कोण दाजी?”

“किती दाजी आहेत मला?” तो म्हणाला. “सीझनला झोप येते म्हटलं तर चिमूटभर दिलं. म्हणाले, आमचे ड्रायव्हर ह्याच्यावरच वाशी गाठतात. तुझी आई पण खूश होईल.”

खूश झालीच होती की आई. नारळ फोडून.

पोर सावरलं होतं, हे मला सांगितलं पाहिजे. दवाखान्यातनं घरी आलं, दिवसदिवस झोपलं, भाकरी मागून खायला लागलं. आणि समरजितराव आजाऱ्याला भेटायला आला. सफरचंदं घेऊन. मी भांडायच्या तयारीत होते, पण तो वाकून माझ्या पाया पडला आणि सरळ आतल्या खोलीत गेला. जावई. त्याला दारात कोण हात आडवा लावणार? त्यानं दार लोटून घेतलं. तो गेल्यावर गादीखाली पुडी सापडली नाही, कारण ती पोराच्या छातीत गेली होती. चार दिवसांत परत मिरज. ह्या खेपेला डॉक्टर माझ्याशी उभ्यानंच बोलले.

“मावशी, पोरगं तरणं आहे, हृदय म्हाताऱ्याचं झालंय. अजून एकदा ओढलं तर मी काही करू शकेन असं मला वाटत नाही.”

म्हणजे एवढंच होतं. तो माणूस माझ्या घरात अजून एकदा आला तर माझं पोर मरणार. आणि त्याला घरात यायला बोलावणं लागत नव्हतं. दार बंद केलं तर लेकीचं माहेर तुटणार, आणि तो काय, पोराला रस्त्यात गाठेल. स्वरूपाला मी काही बोलले नाही. नवऱ्याच्या बाबतीत बाई आईचंसुद्धा ऐकत नाही, हे मला माझ्यावरनं माहीत होतं.

एके दिवशी मी सांगलीला जाऊन आले. कुणाला भेटले ते येईलच पुढं. येताना गणपत शिंप्याकडं थांबले.

“जावयाला सदरा शिवायचाय. रेशमी. खिसा ठेवायचा न्हाई.”

“आतनं ठेवतो आक्का.”

“आतनं न्हाई, बाहेरनं न्हाई. कुठंच न्हाई.”

“पावणा पैसे कुठं ठेवणार मग?”

“ठेवाय आपण कुठं देणार हाय,” मी म्हटलं. तो हसला आणि मापं लिहून घ्यायला लागला.

घरी येऊन स्वरूपाला फोन लावला. धोंडे घालायचेत, जोडीनं या म्हटलं.

ती म्हणाली, “आई, धैर्या दवाखान्यात पडलाय आणि तुला धोंडे सुचतायत?”

“धोंड्याचा महिना तुझ्या भावासाठी थांबत न्हाई. तीन वर्सांनी येतोय. जावयाला वाण दिलं न्हाई तर चारचौघांत नाक कुणाचं कापलं जातंय?”

“तुझंच. तुला नाकाशिवाय आहे काय दुसरं.”

“हाय ते सरळ हाय,” मी म्हटलं. “आणि त्यांना सांग, धैर्यालाबी त्या दिवशी घरी आणतोय. डॉक्टरनी सोडलंय म्हणावं.”

“खरंच सोडतायत?”

“सांग म्हटलं तेवढं सांग.”

तर अशी सगळी तयारी करून तो दिवस उजाडला होता, आणि जावई माझ्या परसात तेल लावून बसला होता.

अंघोळीला जाताना तो पँट बरोबर घेऊन न्हाणीत गेला. मी दाराबाहेरनं म्हटलं, “पँट बाहेर टाका, मंगल धुऊन टाकती.”

“राहू दे मामी. तीच घालणार आहे वर.”

“जुनेरं अंगावर घालून वाण घेत्यात व्हय? तुमच्यासाठी रेशमी सदरा शिवलाय. धोतर आणलंय, जरीचं.”

आतलं पाणी थांबलं. “धोतर?”

“धोतर.”

“मामी, मला धोतर येत नाही नेसायला. कुर्त्यावर पँट चालेल की.”

“ह्या महिन्यात जावई म्हंजे नारायण. नारायणानं पँट घातलेली कुठल्या देवळात बघितलीय? नेसवील स्वरूपा. तिच्या बापाचं तीच नेसवायची.”

हे खरं होतं. स्वरूपाच्या बापाला शेवटच्या आजारपणात हात उचलत नव्हते, तेव्हा लेकच त्याला धोतर नेसवून खुर्चीत बसवायची.

तो बाहेर आला तो टॉवेल गुंडाळून आणि पँट पोटाशी धरून. नवराबायको आतल्या खोलीत गेले. मी माजघरात देवापुढं तबक मांडलं. आतनं त्याचं कुजबुजणं ऐकू यायचं, “घट्ट बांध, घट्ट.” स्वरूपा काय बोलली ते कळलं नाही.

दोघं बाहेर आले. खरं सांगते, दिसायला राजबिंडा दिसत होता. फक्त डावा हात कमरेवर होता, पोटात कळ आल्यासारखा.

“पाकीट, मोबाइल, किल्ल्या इथं तबकात ठेवा. देवाम्होरं. चामडं अंगावर ठेवून पाटावर बसत न्हाईत.”

त्यानं मुकाट्यानं ठेवलं.

“अजून काय हाय?”

“अजून काय असणार मामी?”

“मी आपलं इचारलं,” मी म्हटलं.

स्वरूपाकडं बघितलं तर ती माझ्याकडं बघत नव्हती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मला वाटलं, धोंड्यांवरनं अजून रागात आहे.

पंगत माजघरात बसली. शेजारपाजारचे होते, भावकीतले होते. एक परकी बाई होत्या, काठापदराची साडी, केसाचा घट्ट अंबाडा, पाठ ताठ. सगळ्यांना मी सांगितलं, ह्या बोरगेबाई, बेदाणा बघायला आल्यात. वाढायला दोन गडी बाहेरनं बोलावले होते. शालन माझ्या कानाशी लागली, “वहिनी, हे वाढपी कुठनं आणलेत? आमटी वाढताना टाचा जुळवतोय त्यो.”

“मोठ्या हॉटेलातले हायत. तू पान वाढ.”

समरजितराव एका हातानं जेवत होता. म्हणजे सगळेच एका हातानं जेवतात, पण दुसरा हात कमरेवर ठेवून कोण जेवत नाही. पुरणाचा धोंडा मोडायचा, दाराकडं बघायचा. “धैर्याची गाडी कुठपर्यंत आली?”

“येतोय. तुम्ही तूप घ्या.”

“त्याचं पान वाढून ठेवलंय का?”

“किती काळजी मेव्हण्याची,” बोरगेबाई म्हणाल्या. “आमच्याकडं जावई सासूची पण करत नाही एवढी.” पंगत हसली.

जेवणं झाली. शालननं ओवाळलं. मग वाण. तांब्याचं मोठं ताट, त्यात अनारसे, वर दिवा. अनारसे रीतीपेक्षा जास्त केले होते मी, आणि ताटही शेडीतनं आणलेलं, जाड बुडाचं. एका बाईला उचलायचं नाही. माझा उजवा हात असा, म्हणून मंगलनं एका बाजूनं धरलं.

“उठा जावईबापू. जोडीनं उभं ऱ्हावा.”

तो उठला आणि उजवा हात पुढं केला.

“एका हातानं वाण घेत न्हाईत.”

“मामी, द्या की...”

“दोन्ही हात,” मी म्हटलं. “नारायणाला चार असत्यात, तुम्ही दोन तरी करा.”

परत हशा पिकला. सगळी भावकी बघत होती. त्याला करावंच लागलं. कमरेवरचा हात सुटला, दोन्ही हात ताटाखाली गेले, आणि मी व मंगलनं एकदम सगळं वजन त्याच्या हातांत सोडलं. तो वाकला. धोतराचा कमरेचा वळसा सैल झाला, आणि एक पारदर्शक पिशवी, मुठीएवढी, त्याच्या मांडीवरनं घसरत पाटावर येऊन पडली. आतला चुरा दिव्याच्या उजेडात चमकला.

पंगतीत कुणाला कळलं नाही. शालन म्हणाली, “खडीसाखर पडली बघा.” त्यानं पाय पुढं करून पिशवीवर ठेवला.

“पाय काढा,” बोरगेबाई म्हणाल्या. आवाज बेदाणा बघायला आलेल्या बाईचा नव्हता. टाचा जुळवणारा वाढपी तोवर त्याच्यामागं उभा राहिला होता आणि दुसरा दारात. “मी पोलीस इन्स्पेक्टर आहे. ताट हातातच ठेवा. पाय काढा.”

हीच बाई मला सांगलीत भेटली होती. तिनं मला सांगितलं होतं, नाव आमच्याकडं केव्हाचं आहे, टेंपो कितीदा तपासले, माल कधी त्याच्यापाशी मिळत नाही. तो दुसऱ्याच्या खिशात ठेवतो. माल अंगावर घेऊन तो कुठं जात असेल तर फक्त घरच्यांकडं. मी म्हटलं होतं, घरचीच हाय मी.

“हे माझं नाही,” समरजितराव म्हणाला. दिव्यातलं तेल अनारशांवर सांडत होतं. “इथंच पडलं असेल. ह्यांचा पोरगा नशा करतो, सगळ्या गावाला माहीत आहे. त्याचंच असेल.”

खरंच की, म्हणू शकत होता तो. पाट माझा, घर माझं, पोर माझं.

“तुमचंच आहे,” स्वरूपा म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं. ती अजून त्याच्या शेजारी जोडीनंच उभी होती.

“नेसवताना तुमच्या हातात होतं. मी विचारलं काय आहे, तर म्हणालात औषध. कमरेला खोचताना मी बघितलंय. लिहून घ्या मॅडम, मी सही करते.”

“स्वरूपा, डोकं फिरलंय तुझं?” तो म्हणाला. मग माझ्याकडं वळला, आणि तोंडावरची सगळी साखर उतरली. “म्हातारे, मला अडकवतेस? तुझ्या पोरानंच मागवलंय हे. परवा फोन केला होता त्यानं, वॉर्डबॉयच्या मोबाइलवरनं. मी म्हटलं, तुला घरी आणणार म्हणतायत तुझ्या आई. तर म्हणाला, मला कोण काय बोललं नाही, पण येणार असलो तर दाजी, मोकळ्या हातानं येऊ नका. विचार त्याला. मी काय त्याच्या तोंडात कोंबतो काय? रडतो तो माझ्यापाशी.”

“हे पण लिहून घ्या,” बोरगेबाई वाढप्याला म्हणाल्या. “कुणासाठी आणलं ते त्यांनी स्वतः सांगितलं.”

माझ्या कानात तेवढंच राहिलं, दाजी, मोकळ्या हातानं येऊ नका. तो खोटं बोलत नव्हता. माणूस खोटं बोलायला लागला की मला बेदाण्यातल्या काडीसारखं जाणवतं. काडी नव्हती.

पण मी भागीरथी आहे. त्याच्यासमोर मी बसणार नव्हते, रडणार तर नव्हतेच.

पंचनामा झाला. भावकीतल्या दोघांनी सह्या केल्या. त्याला नेताना त्यानं पँट मागितली. “ती धुवाय टाकलीय,” मी म्हटलं. धोतर एका हातानं सावरत तो ओसरीवरनं उतरला. सगळी आळी दारात उभी होती. मी मागनं ताट घेऊन गेले, मंगल एका बाजूला, मी एका बाजूला.

“वाण ऱ्हायलं. माघारी ठेवत न्हाईत.”

वाढप्यानं बोरगेबाईंकडं बघितलं. त्या म्हणाल्या, “घ्या गाडीत. चौकीतली पोरं खातील.”

लोक मला अजून विचारतात, आक्का, लेकीच्या संसारावर असा नांगर फिरवताना हात कसा कापला नाही? मी म्हणते, हात तेलकट होता, कापायचं भान कुठलं. खरं तर त्या वेळी मी त्याच्या उतरत्या धोतराकडं बघत होते, आणि आयुष्यात एवढं गोड काही खाल्लं नव्हतं मी.

घर रिकामं झालं. स्वरूपा आतल्या खोलीत खाटेवर बसली होती, त्याची पँट मांडीवर घेऊन. मी दारातच थांबले. आता ती काय म्हणेल ते ऐकून घ्यायचं असं मी ठरवलं होतं. एवढं तरी तिचं देणं होतं.

“मला आधी का नाही सांगितलंस?” ती म्हणाली.

“तू त्याला सांगितलं असतंस.”

“सांगितलं असतं,” ती म्हणाली. “सकाळपर्यंत सांगितलं असतं. औषध म्हणाला तोपर्यंत.” मग पँटची घडी घालायला लागली, नीट, शिलाई जुळवून. “धैर्याच्या अंगाला जो वास यायचा ना, तसाच वास होता त्याला. मी घरी दोन वर्षं तो वास घेतेय. म्हणायचा, टेंपोच्या इंजिनाचा आहे.”

“धोतर ढिलं नेसवलंस व्हय तू?”

“ते विचारू नकोस,” ती म्हणाली. “कोर्टात विचारलं तर काय सांगायचं ते मी बघते. तुला नाही सांगणार.”

माझ्यावर गेलीय. आता शेड तीच बघते आणि व्यापारी तिच्यासमोरसुद्धा पाय आवरूनच बसतात. त्या दिवशी मात्र मी तिच्या जवळ जाऊन बसले नाही, तिनंही बोलावलं नाही. डब्यात चार धोंडे भरले, वर तूप ओतलं आणि मिरजेची गाडी पकडली. दुपारचं ऊन अजून होतं.

धैर्या खाटेच्या कडेला बसला होता. अंघोळ केलेली, भांग पाडलेला, घरचा चौकड्यांचा शर्ट घातलेला. पायात चप्पलसुद्धा. माझ्या हातातला डबा बघितला नाही त्यानं. माझ्यामागं दाराकडं बघितलं.

“गाडी आली?”

“कसली गाडी?”

“घरी न्यायची.”

“तुला कुणी सांगितलं घरी न्यायचंय म्हणून? मी तर न्हाई सांगितलं.”

त्याचा गुडघा हलत होता, खाली-वर, खाली-वर. थोड्या वेळानं, अगदी सहज विचारल्यासारखं, “दाजी आलेले?”

“आलेले. जेवले. पोटभर.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, तू फोन केला होतास.”

गुडघा थांबला. त्यानं माझ्याकडं बघितलं तेव्हा त्या डोळ्यांत माझं पोर नव्हतं. आत कोणतरी दुसरा बसला होता, आणि तो फक्त एवढंच मोजत होता की म्हातारीला किती कळलंय आणि तिच्याकडनं काय काढता येईल.

“कुठंयत ते?”

“पोलिसांच्या गाडीत. धोतरावर. तुझ्या तायडीनं सही दिली. आता तुझा दाजी लवकर यायचा न्हाई. कुणी दुसरा यायला बघितला तर त्यालाबी मी तेल लावून न्हाऊ घालीन.”

मग त्यानं तोंड सोडलं. माझ्या बापाचा, आईचा उद्धार केला. मेलेल्या बापाला सोडलं नाही. सिस्टर धावत आल्या, मी हातानंच थांबवलं त्यांना. (आज तो म्हणतो, आई वाढवून सांगते, मी एवढ्या शिव्या दिल्या नव्हत्या. वाढवून नाही, मी गाळून सांगते.) “तुला मी मेलेलाच पाहिजे,” म्हणाला. “एकदाच पाहिजे होतं मला. एकदाच. नंतर सोडणार होतो.”

मी खुर्ची ओढली आणि त्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले. डबा उघडला.

“ऐक,” मी म्हटलं. “मी तुझ्याशी बोलत न्हाई. तुझ्या आत जो बसलाय त्याच्याशी बोलतेय. माझ्या पोराचा शर्ट घातलाय त्यानं, माझ्या पोराच्या खाटेवर बसलाय, माझ्या पोराच्या तोंडानं मला शिव्या देतोय. तुझ्या दाजीला मी एका दिवसात पोचवलं. ह्याला वेळ लागंल. लागू दे. मी कुठं जात न्हाई.”

धोंडा मोडून त्याच्या तोंडाशी धरला. मऊ असतो, दात लागत नाहीत. त्यानं हातावर फटका मारला. घास भिंतीला जाऊन चिकटला, पुरण खाली ओघळलं.

मी पदराला बोटं पुसली आणि दुसरा मोडला.